सात रोलर

मासा तुटून गेला की आधी दोरीचे टोक पाहावे, हे मला बोटीवरच्या एका जुन्या खलाशाने शिकवले होते. टोक पिळदार, वळलेल्या केसासारखे दिसले तर गाठ सरकलेली असते. स्वच्छ कापलेले दिसले तर दात लागलेला असतो. आणि चपटे, खरबरीत, पांढुरके दिसले तर दोरी कुठेतरी घासत राहिलेली असते. सान डिएगोहून दोन दिवस दक्षिणेला गेलेल्या त्या बोटीवर, पाऊण तास झुंज दिलेला पिवळ्या परांचा कुपा, म्हणजे ट्यूना मासा, हातचा गेला तेव्हा मी ओढून घेतलेले टोक पांढुरके होते, आणि त्याच्या मागची दीड-दोन वाव दोरीही बोटांना खडूसारखी कोरडी लागत होती. मी दोष बोटीच्या कठड्याला दिला, कारण तो समोर होता. घरी परतल्यावर आठवड्याने गॅरेजमध्ये रॉड आडवी ठेवून, दोरी ज्यांवरून धावते त्या एकेका रोलरवरून अंगठ्याचे नख फिरवत गेलो, तेव्हा टोकाकडून दुसऱ्या रोलरवर ते अडले. तिथे केसाएवढी बारीक चर पडली होती. बोटाने ढकलूनही तो रोलर फिरेना.

ही रॉड मी स्वतः बांधलेली होती आणि ते रोलरही मीच बसवले होते. त्यामुळे चौकशीत आरोपी आणि तपास अधिकारी एकच होता, ही गैरसोय पुढे बरेच दिवस जाणवली.

मी सोलापूर जिल्ह्यातला, देशावरचा माणूस. आमच्या घरी मासे म्हणजे उन्हाळ्यात कोकणातल्या पाहुण्यांकडे खायची गोष्ट होती. ‘तंगूस’, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, हा शब्दसुद्धा मी नोकरीनिमित्त सान डिएगोत आल्यावर एका रत्नागिरीकर मित्राकडून शिकलो, आणि त्यानेच मला पहिल्यांदा समुद्रावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, नेले. पण रोलर ही वस्तू मला ओळखीची वाटली, त्याचे कारण आमच्या वाड्यातला आड. त्या आडाच्या दगडी काठावर दोरखंडाने पाडलेल्या बोटभर खोल खाचा होत्या. कप्पी बसवण्याआधीच्या पिढ्यांनी हाताने पाणी शेंदले, त्याच्या त्या खुणा. पुढे लोखंडी कप्पी आली आणि खाचा वाढायच्या थांबल्या. मात्र कप्पीने दुसरी मागणी सुरू केली. ती कुरकुरू लागली की आजी एरंडेलाची वाटी घेऊन यायची आणि कापसाच्या बोळ्याने आसावर तेल पिळायची. दगडाने कधी कुणाकडे तेल मागितले नव्हते.

रॉडवरची गाइड म्हणजे दोरीला वाट दाखवणारी कडी. बहुतेक रॉडवर ती साध्या कड्याची असते: धातूची चौकट आणि आत अतिशय कठीण, गुळगुळीत सिरॅमिकचे वळे, ज्यावरून दोरी घसरत जाते. रोलर गाइडमध्ये वळ्याच्या जागी छोटी कप्पी असते आणि दोरी घसरण्याऐवजी तिला फिरवत जाते. या फरकाचे मोल किती, हे मी एकदा कागदावर मांडून पाहिले. वक्र पृष्ठभागावरून दोरी ओढताना घर्षणामुळे ताण किती वाढतो, हे दोरीने एकूण किती कोन वळण घेतले यावर अवलंबून असते. ते वळण पाच गाइडमध्ये वाटले की दहांमध्ये, याने फरक पडत नाही. रॉड काटकोनात वाकली आहे आणि घर्षणाचा गुणांक 0.2 आहे असे धरले, तर रीलवर, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चाकावर, 15 किलोचा ब्रेक लावला असताना माशाच्या बाजूला दोरीवर साडेवीस किलोंचा ताण येतो. रोलर असेल तर घासण्याची जागा बदलते. दोरी रोलरवर घासत नाही, रोलर आपल्या बारीक आसावर घासतो, आणि आसाची त्रिज्या रोलरच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी असल्यामुळे परिणामी घर्षणही त्याच प्रमाणात घटते. तोच हिशोब मग साडेसोळा किलोंच्या आसपास येतो. आकडे मी गृहीत धरलेले आहेत, पण चार किलोंचा तो फरक मोठा मासा एकदम सुसाटतो त्या क्षणी दोरीच्या नशिबाचा निकाल लावू शकतो.

मात्र हे सारे रोलर फिरत असेल तर. न फिरणारा रोलर हा कड्यापेक्षाही वाईट, कारण त्याचा पृष्ठभाग सिरॅमिकसारखा कठीण नसतो. तो फिरणार आहे या भरवशावरच त्याचा धातू निवडलेला असतो. दोरी एकाच रेषेवर घासत राहते, रेषा तापते, चर पडते, आणि पुढची प्रत्येक वाव दोरी त्या चरीतून किसली जाते.

कॅलिफोर्नियाच्या या किनाऱ्यावर असल्या हिशोबांना जुनी परंपरा आहे. समोरच्या कॅटालिना बेटावर, ॲव्हलॉन गावात, 1898 मध्ये चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी रॉड आणि रीलवर 183 पौंडांचा निळ्या परांचा कुपा काढला आणि त्याच वर्षी तिथे ट्यूना क्लबची स्थापना झाली. त्या काळच्या रीलना आतला ब्रेक नव्हता. मासा पळाला की दांडा उलटा गरागरा फिरायचा आणि बोटांची सालटी काढायचा, म्हणून चामड्याची पट्टी अंगठ्याने दाबून वेग आवरावा लागे. दोरी तागासारख्या जवसाच्या धाग्यांची, म्हणजे लिननची. ओल्या अवस्थेत एका धाग्याची ताकद तीन पौंड धरत, त्यामुळे 24 धाग्यांची दोरी म्हणजे 72 पौंडांची. ती दर फेरीनंतर रीलवरून उलगडून वाळवावी लागे, नाहीतर कुजे. नायलॉन आले आणि ते वाळवण गेले. ॲफ्टको ही कंपनी 1958 मध्ये याच राज्यात रोलर गाइड बनवायला सुरू झाली, आणि पुढे 1973 मध्ये ती मिल्ट शेड यांच्या कुटुंबाकडे आली. सान डिएगोच्या सीवर्ल्ड या समुद्री प्राण्यांच्या उद्यानाच्या संस्थापकांपैकी ते एक. आजही मोठ्या माशांच्या रॉडबद्दल बोलताना इथले लोक रोलर म्हणजे ॲफ्टको असेच गृहीत धरतात. जाता जाता, दोनशे पौंडांवरच्या कुप्याला इथल्या बोटींवर ‘काऊ’ म्हणतात. दोन दिवस समुद्रात जाऊन गाय शोधायची, हे घरी फोनवर सांगताना मला अजूनही शब्द जुळवावे लागतात.

माझी रॉड साडेपाच फुटांची, 80 पौंडी दोरीसाठी बांधलेली, आखूड आणि दणकट. तिच्यावर पाच गाइड आणि टोकाची एक. रीलजवळच्या पहिल्या गाइडमध्ये वर-खाली दोन रोलर, बाकी प्रत्येकीत एक, असे एकूण सात रोलर. अशी रॉड बांधायला मला शिकवणारे गृहस्थ निवृत्त यंत्रकारागीर होते. कमी बोलणारे, आणि बोलले तर बहुधा प्रश्नच विचारणारे. आमचा पहिला दिवस फक्त गाइडचे पाय घासण्यात गेला. चौकटीचा पाय ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या मूळ काठीवर, टेकतो तिथे त्याचे टोक जाड असेल तर त्यावर चढणाऱ्या धाग्यात पायरी पडते आणि वाकताना नेमकी तिथे चीर जाते. म्हणून पाय कानशीने इतका निमुळता करायचा की नखाला त्याची कड लागू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाय ब्लँकवर सपाट बसला पाहिजे. तो वाकडा बसला आणि वरून धाग्याने आवळला, तर चौकट किंचित पिळली जाते, तिच्या दोन बाजू एकमेकींकडे झुकतात आणि रोलर मध्ये चिमटला जातो. रोलर जाम होण्याचे हे कारण कुणाला सुचत नाही, कारण चूक होते पायाशी आणि दिसते माथ्याशी.

जागा ठरवायला आम्ही आधी गाइड चिकटपट्टीने तात्पुरत्या लावल्या, दोरी ओवली, तिचे टोक जमिनीतल्या कडीला बांधले आणि रॉड वाकवली. टोकापासून पहिली गाइड साधारण साडेचार इंचांवर आणि पुढे अंतर वाढत वाढत, असा ढोबळ अंदाज होता. पण खरे उत्तर वाकलेल्या रॉडकडूनच मिळते. रील वर असणाऱ्या या पद्धतीत गाइडही काठीच्या वरच्या अंगाला असतात, त्यामुळे रॉड वाकली की दोन गाइडमधली दोरी ब्लँककडे झुकते. ती ब्लँकला टेकली तर तिथे गाइड कमी पडली. आम्ही तिसरी गाइड दोन वेळा सरकवली. गाइड वर असल्यामुळे ताणाखाली रॉडला हातात उलटून पडण्याची ओढही लागते, आणि यावर उपाय म्हणून इथले काही बांधणारे गाइडची रांगच काठीभोवती हळूहळू वळवून खाली नेतात. त्या पद्धतीने बांधलेली रॉड मी हाताळली आहे. ती शांत राहते हे खरे, पण दिसायला मला ती वाटेत विचार बदललेल्या माणसासारखी वाटते, म्हणून माझी सरळच ठेवली.

धागा जाड नायलॉनचा, आधी खाली एक थर, त्यावर पाय, त्यावर दुसरा थर. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला लागून बसला पाहिजे आणि धाग्याचा ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहिला पाहिजे. आईच्या शिलाई मशीनवर धाग्याचा ताण जमवणारी ती दोन चकत्यांची छोटी कळ मला तेव्हा आठवली, आणि माझे ताणयंत्रही शेवटी तसेच, दोन वॉशर आणि एका स्प्रिंगचे बनले. यानंतर दोन भागांचे इपॉक्सी, म्हणजे सुकल्यावर कडक होणारा लेप, सम प्रमाणात मिसळून लावायचे आणि ते एका बाजूला ओघळू नये म्हणून रॉड काही तास हळू चालणाऱ्या मोटरवर फिरत ठेवायची. इथे गुरुजींचा एक नियम मी आजही मोडत नाही: या सगळ्या काळात चौकटींमध्ये रोलर नसतात. चौकटी रिकाम्याच बांधायच्या, इपॉक्सी पूर्ण सुकू द्यायचे, आणि मगच रोलर बसवायचे. इपॉक्सीचा एक थेंब आसात गेला की तो रोलर आयुष्यभर ध्यानस्थ होतो.

रोलर बसवणे हे काम दहा मिनिटांचे वाटते आणि संध्याकाळ खाते. रोलरच्या पोटात बुश, म्हणजे धातूची आखूड नळी, बुशच्या आत पोकळ आस, आसात दुसऱ्या बाजूने येणारा स्क्रू, असा तो संसार. दोन्ही बाजूंना खाच असल्यामुळे दोन स्क्रूड्रायव्हर लागतात, आणि ते खाचेत नेमके बसणारे असावे लागतात. सैल पाते खाच खाते आणि पुढल्या वर्षी तो स्क्रू निघत नाही. रोलर आणि चौकटीच्या बाजूंमध्ये कागदाच्या जाडीएवढीच फट हवी. कमी असेल तर रोलर अडतो; जास्त असेल तर बारीक विणलेली दोरी तिच्यात घुसते आणि ताणाखाली पाचरीसारखी अडकते. स्क्रू बोटीच्या कंपनांनी आपोआप सैल होत जातो, म्हणून त्याच्या आट्यांना पेच धरून ठेवणाऱ्या द्रवाचा अंश लावायचा. तो कमी ताकदीचा, जांभळा, आणि तोही दात कोरायच्या काडीच्या टोकाने. जास्त लावला तर तो आसावरून बुशपर्यंत पाझरतो आणि स्क्रूऐवजी रोलरला धरून ठेवतो. याची प्रचीती मला पहिल्याच रोलरवर आली. गुरुजींनी एवढेच विचारले, “हे किती वर्षांसाठी बसवलंस?”

हे सगळे इतके जपून केलेले असताना तो रोलर जाम का झाला, हा प्रश्न मला लागून राहिला, कारण निष्काळजीपणाचे उत्तर लागू पडत नव्हते. फेरीहून आलो की मी रॉड धुतल्याशिवाय जेवत नसे. वर्षातून एकदा सातही रोलर काढून साफ करत असे. मी जुन्या नोंदी काढल्या (मला तारखा लिहून ठेवायची सवय आहे) आणि दोन गोष्टी सापडल्या.

पहिली गोष्ट धुण्याची. धक्क्यावर परतल्यावर मी तिथल्या जोरदार फवाऱ्याच्या नळीने रॉड धूत असे. मीठ निघावे म्हणून जोर जास्त, हा माझा तर्क. प्रत्यक्षात असा फवारा चौकटीवरचे मीठ रोलरच्या फटीतून आत, बुशपर्यंत ढकलतो. पाणी नंतर वाळते आणि मीठ आत राहते. गोड्या पाण्याची हलकी धार, एका हाताने रोलर फिरवत, एवढेच पुरे असते.

दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. माझ्या गाइडचे बुश कांस्याचे, पण ओतीव नव्हेत. धातूची भुकटी साच्यात दाबून, भट्टीत भाजून ते केलेले असतात आणि त्यांच्या आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा सूक्ष्म छिद्रांचा असतो, ज्यांत तेल मुरवलेले असते. क्रायस्लर या मोटार कंपनीने 1930च्या सुमारास हा प्रकार प्रचारात आणला. आस फिरून बुश किंचित तापला की तेल बाहेर येते, थंड झाला की परत आत शोषले जाते. म्हणजे वंगणाची वाटी त्या बुशच्या अंगातच असते. आणि मी काय केले होते? वार्षिक सफाईत सातही बुश रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवले होते. सकाळी रॉकेल पिवळे झालेले पाहून, केवढी घाण निघाली, असे समाधानाने वहीत लिहिलेही होते. ती घाण नव्हती. ते मुरवलेले तेल होते. मग त्या कोरड्या झालेल्या बुशना मी वरून घट्ट ग्रीस लावले, जे छिद्रांत शिरत नाही, उलट त्यांची तोंडे बुजवते. पुढच्या फेरीत खारे पाणी आले आणि कोरड्या कांस्यावर बसले. सातांपैकी एकच रोलर जाम झाला हे माझे भाग्य म्हणायचे. बाकीच्यांपैकी तीन हाताला खरखरत होते.

गुरुजींना फोनवर हे सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा हसले. “तू ते फार धुतलेस,” ते म्हणाले.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली आहे. रोलरची परीक्षा मी आता बोटाने टिचकी मारून घेत नाही. टिचकीने मोकळा रोलर फिरतोच, पण भाराखाली अडणारा पकडला जात नाही. मऊ सुती कापडाची अरुंद पट्टी रोलरवर टाकून दोन्ही टोके खाली दाबत ओढतो. रोलर पट्टीबरोबर फिरला पाहिजे, पट्टी त्यावरून घसरता कामा नये. चौकटीच्या कडा मात्र कानातल्या कापसाच्या काडीने तपासतो, कुठे चरा असेल तर कापसाचे तंतू अडकतात. बांधणीवर इपॉक्सीला पायाच्या टोकाशी चीर दिसली तर लगेच भरतो, कारण तिच्यातून शिरलेले पाणी धाग्याखाली वर्षभर बसून राहते. पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियमचे भाग एकमेकांना जिथे टेकतात, तिथे खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी धरते; ती दिसली की स्क्रू ओढाताण न करता आधी थेंबभर तेल देऊन रात्रभर तसाच ठेवतो. चर पडलेला रोलर पॉलिश करून वापरावा, असा सल्ला मला अनेकांनी दिला. मी तो मानला नाही. चर बुजत नाही, फक्त तिच्या कडा गोल होतात, आणि तिची खोली मोजायला माझ्याकडे मासा हेच एक साधन आहे.

मुळात रोलर हवेतच कशाला, असे विचारणारे आता बोटींवर बहुसंख्य होत चालले आहेत. विणलेली दोरी बारीक असते, आजची सिरॅमिक वळी पूर्वीपेक्षा खूपच चांगली आहेत, कडे हलके असते आणि त्याला तेल लागत नाही. गळ दूर फेकण्यासाठीच्या रॉडवर, किंवा पूर्ण विणलेल्या दोरीवर, मीही कडेच लावतो. पण जाड एकसंध तंगूस, 80 पौंड आणि त्यावर, बोटीच्या कठड्यावर रॉड टेकवून तास-तासभर ओढायची असेल, तर मला रोलरच हवेत. यात हिशोबाचा भाग किती आणि त्या कप्पीच्या ओळखीचा भाग किती, हे मी प्रामाणिकपणे वेगळे काढू शकत नाही. रत्नागिरीकर मित्राने मात्र गेल्या वर्षी आपल्या सगळ्या रॉडवर कडी लावून घेतली आणि मला म्हणाला, “तू तेल घालत बस, मी गरवतो.” त्या फेरीत त्याने माझ्याहून दोन मासे जास्त काढले.

पुढची फेरी अकरा दिवसांवर आली आहे. टेबलावर टॉवेलवर सहा रोलर क्रमाने मांडले आहेत, प्रत्येकाखाली चिठ्ठी, म्हणजे ज्याचा बुश त्याच्याच पोटात जाईल. सातवा, टोकाकडून दुसरा, नवा आहे आणि अजून पाकिटात आहे. सातही बुश एका छोट्या स्टीलच्या भांड्यात हलक्या तेलात बुडवले आहेत आणि ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवले आहे. हात सहन करणार नाही इतपत गरम, उकळते नाही. पहिली पाच मिनिटे काहीच होत नाही. मग प्रत्येक बुशच्या अंगातून टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे निघू लागतात, छिद्रांतली हवा बाहेर पडते आहे. ते थांबले की आच बंद करून भांडे तसेच झाकून ठेवायचे, म्हणजे थंड होताना बुश तेल ओढून घेतील. आता रात्रीचे साडेदहा झाले आहेत, आणि सहा बुश शांत झाले तरी एकातून अजून बुडबुडे येत आहेत.